प्रश्न तुमचे, उत्तरं आमची : दोघांच्या नोकऱ्या आणि चाकांवरचं घर

या महिन्यात अमेरिका-कॅनडातल्या वाचकांची बरीच पत्रं एकाच विषयावर आली. दोघंही नोकरी करतात, रजा मोजक्या, पण आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेला ट्रेलर किंवा गाडी, घेऊन शनिवार-रविवार बाहेर पडायचं आहे. पत्रांत मॉडेलची चौकशी भरपूर आहे, वेळेची मात्र कोणीच केलेली नाही. शुक्रवारी पाचला काम संपवून रविवारी बाराला जागा सोडायची म्हटलं तर मध्ये ४३ तास मिळतात. झोप आणि रस्ता वजा केला की उरतो जेमतेम दीड दिवस. खालची उत्तरं हा हिशेब धरून वाचावीत.

आमची होंडा पायलट ऑल-व्हील ड्राइव्ह आहे, ५,००० पौंड ओढते. डीलर ३,९०० पौंडांचा ट्रेलर दाखवतो आहे. उन्हाळ्यात सासू-सासरेही येतील. घ्यावा का? (एडिसन, न्यू जर्सी)

हा घेऊ नका. ३,९०० हा आकडा रिकाम्या ट्रेलरचा आहे. त्यात बॅटरी, गॅसचे सिलिंडर, अंथरूण-पांघरूण, भांडी, खुर्च्या, किराणा काहीच धरलेलं नसतं. नुसतं ३० गॅलन पाणी भरलं तरी २५० पौंड वाढतात, कारण एक गॅलन पाणी ८.३४ पौंडांचं. सगळं भरून ट्रेलर ४,५०० च्या आसपास जातो.

आता खरी अडचण. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन हिचवर, म्हणजे गाडीच्या मागच्या टोकावर पडायला हवं. त्याहून कमी पडलं तर ट्रेलर हायवेवर डावी-उजवीकडे झुलायला लागतो आणि तो झोका आवरणं कठीण जातं. ४,५०० चे १३ टक्के म्हणजे ५८५ पौंड. ५,००० पौंड ओढणाऱ्या बहुतेक एसयूव्हींना हिचवर ५०० पौंडांचीच परवानगी असते. म्हणजे ट्रेलर 'ओढण्याच्या' मर्यादेत बसला तरी हिचच्या मर्यादेत नापास.

शिवाय ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं पिवळं-पांढरं स्टिकर वाचा. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते त्यावर लिहिलेलं असतं. समजा तिथे १,३०० पौंड आहे. तुम्ही दोघं ३२०, सासू-सासरे २८०, डिकीतलं सामान १५०, हिचचं लोखंड ५० आणि वरचे ५८५ मिळून १,३८५ होतात. गाडी भरली, वर ८५ पौंड जास्त. सासू-सासऱ्यांना ट्रेलरमध्ये बसवून न्यायचा विचारही नको. चालत्या ट्रेलरमध्ये माणसं बसवायला बहुतेक राज्यांत मनाई आहे आणि आत सीटबेल्ट नसतात.

तुमच्या गाडीला भरलेल्या वजनाने ३,५०० ते ३,८०० पौंडांचा ट्रेलर ठीक. सोबत ट्रेलरच्या ब्रेकचा कंट्रोलर आणि सात पिनांची जोडणी लागेल. त्याआधी २२ ते २५ फुटांची क्लास सी मोटरहोम (इंजिन आणि घर एकाच गाडीत) दोन वीकेंड भाड्याने घ्या. घरच्या कार इन्शुरन्समध्ये ती धरली जाते का ते लेखी विचारा, अनेकदा धरत नाहीत. भाड्याच्या पावतीत रोजच्या दराशिवाय मैलांचे आणि जनरेटरच्या तासांचे पैसे वेगळे लागतात. तेही आधीच पाहून घ्या.

शुक्रवारी पोहोचेपर्यंत अंधार होतो आणि मग आमची भांडणं होतात. काही क्रम आहे का? (प्रिन्स्टन)

आहे. घरापासून दोन तासांच्या पलीकडचं कॅम्पग्राउंड शुक्रवारसाठी निवडू नका. बहुतेक ठिकाणी रात्री दहाला शांततेची वेळ सुरू होते. पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनोज डोंगरांमधलं प्रॉमिस्ड लँड स्टेट पार्कसारखं ठिकाण तुम्हाला या अंतरात बसेल.

पोहोचल्यावर आधी एकाने टॉर्च घेऊन खाली उतरायचं. विजेचा खांब, नळ, वर झुकलेल्या फांद्या पाहायच्या. ट्रेलर गाडीला जोडलेला असतानाच आडवी पातळी साधायची, खालच्या बाजूच्या चाकाखाली फळ्या घालून. मग दोन्ही बाजूंच्या चाकांना ठोकळे लावायचे आणि त्यानंतरच हिच सोडायचा. ठोकळ्यांआधी हिच सोडला आणि उतार असला की ट्रेलर चालू पडतो. पुढची-मागची पातळी हिचजवळच्या जॅकने करायची. चार कोपऱ्यांतले स्टॅबिलायझर (ट्रेलर हलू न देणारे पाय) शेवटी, जमिनीला टेकून घट्ट होतील इतकेच. त्यांच्यावर ट्रेलर उचलायला गेलात तर सांगाडा पिळवटतो आणि दारं लागेनाशी होतात.

वीज जोडताना खांबावरचा ब्रेकर बंद करून सर्ज प्रोटेक्टर (चुकीच्या विजेपासून वाचवणारं उपकरण) लावा आणि ब्रेकर चालू करा. त्याने जोडणी बरोबर दाखवली की ब्रेकर बंद करून वायर लावा, मग ब्रेकर पुन्हा चालू करा. पाण्याला ४५-५० पीएसआयचा रेग्युलेटर नळाच्या तोंडाशीच लावायचा, नाहीतर पाइपलाच पूर्ण दाब बसतो. ग्रे टँकचं (सिंक-शॉवरच्या सांडपाण्याची टाकी) कनेक्शन, मांडव, दिव्यांच्या माळा वगैरे शनिवारी सकाळी.

फ्रिज गॅसवर चालणारा असेल तर गुरुवारी रात्रीच घरी सुरू करा. त्याला गार व्हायला आठ ते बारा तास लागतात. आत भरायचं ते आधीच गार करून भरा. शुक्रवारचं जेवण घरूनच. थालीपीठ-दही पुरेसं आहे, पोहोचून कुकर लावायची हौस नको.

मागे गाडी घेताना एकानेच सांगायचं आणि ते फोनवर. आरशात हातवारे दिसत नाहीत. निम्मी भांडणं तिथलीच असतात.

३० अँपिअरची जोडणी होती. एसी चालू असताना इंडक्शनवर भाजी टाकली की वीज जायची. कॅम्पग्राउंडवाले म्हणतात खांब ठीक आहे. (हर्नडन, व्हर्जिनिया)

खांब ठीकच आहे. ३० गुणिले १२० व्होल्ट, म्हणजे ३,६०० वॅट, हे सगळं तुमचं भांडवल. छतावरचा १३,५०० बीटीयूचा (बीटीयू हे उष्णतेचं माप) एसी १२-१३ अँपिअर घेतो, कॉम्प्रेसर सुरू होताना त्याहून जास्त. १,८०० वॅटचं इंडक्शन पूर्ण आचेवर १५. गिझर विजेवर असेल तर आणखी १२. बॅटरी चार्जर काहीबाही खातोच. बेरीज चाळिसाच्या वर गेली.

गिझर आणि फ्रिज गॅसवर टाका. इंडक्शन बाहेर टेबलावर मांडा. खांबावर ३० च्या शेजारी बहुतेक वेळा २० अँपिअरचा साधा सॉकेट असतो, त्याचा ब्रेकर वेगळा असतो. तिथून १२ गेजची, बाहेर वापरायची एक्स्टेन्शन घ्या. १६ गेजची बारीक वायर तापते. सहा लिटरचं इन्स्टंट पॉट १,००० वॅटचं, म्हणजे साधारण आठ अँपिअर. वरण-भात एसी चालू ठेवूनही आत होईल.

फोडणी मात्र बाहेरच द्या. ट्रेलरच्या आतली उंची साडेसहा फूट, मोहरी तडतडायच्या आत धुराचा अलार्म कोकलतो. वास पडद्यांत आणि गाद्यांत आठवडाभर राहतो, आणि हळदीचा हात पांढऱ्या प्लॅस्टिकच्या सिंकला लागला तर तो डाग ट्रेलर विकेपर्यंत सोबत. अस्वलांच्या भागात खरकटी कढई रात्री बाहेर ठेवायची नाही.

जुलैतल्या शनिवारी दुपारी सगळ्यांचे एसी लागले की व्होल्टेजही पडतं. ते १०५ च्या खाली गेलं तर एसी बंद करा, कॉम्प्रेसर जळतो. कमी व्होल्टेजला आपोआप तोडणारा सर्ज प्रोटेक्टर महाग वाटतो, पण नव्या एसीपेक्षा स्वस्त पडतो.

दोन दिवसांत आत घाण वास येतो. ब्लॅक टँकमध्ये (संडासची टाकी) औषध टाकतो, तरी येतो. (सॅन रामोन)

औषधाआधी व्हॉल्व्ह पाहा. गटाराची जोडणी आहे म्हणून ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवला असेल, तर पाणी वाहून जातं आणि घन भाग टाकीत तळाशी साचून वाळतो. व्हॉल्व्ह बंद ठेवा. टाकी दोन-तृतीयांश भरली की आधी ब्लॅक सोडा, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुतला जातो. लगेच दोन गॅलन पाणी आणि औषध परत आत टाका. पाणी वापरायची आपली सवय इथे कामाची आहे, टाकीला भरपूर पाणीच हवं असतं. फक्त ती लवकर भरेल. वेट वाइप्स टाकू नका, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. आणि भिंतीवरचे टाकीचे दिवे थोड्याच दिवसांत खोटं बोलायला लागतात.

वास बऱ्याचदा ब्लॅकचा नसतोच. ग्रे टँकमध्ये आमटीचा तळ, चहाचा चोथा, तेल गेलं की दोन उन्हांत ते आंबतं. ताटं-पातेली आधी कागदाने पुसून मग धुवा आणि सिंकवर बारीक जाळी ठेवा.

एवढ्यानेही गेला नाही तर तीन जागा तपासा. कमोडच्या भांड्यात पाणी टिकतं का? टिकत नसेल तर रबराचं सील साफ करून सिलिकॉन ग्रीस लावा. सिंकखालच्या पाइपाच्या टोकाला काळी, मुठीएवढी हवेची झडप असते. ती अडकली की ग्रे टँकची हवा थेट खोलीत येते. हाताने फिरवून निघते, नवी बसवायला दोन मिनिटं. आणि छतावरचा पंखा चालू ठेवून फ्लश करत असाल तर तोच टाकीतला वास वर ओढतो. फ्लशच्या वेळी पंखा बंद.

ऑक्टोबरमध्ये व्हर्जिनियातल्या शेनंडोआ नॅशनल पार्कला पानांचे रंग बघायला जायचं आहे. तिथल्या बिग मेडोज कॅम्पग्राउंडला हूकअप (वीज-पाण्याची जोडणी) नाही. हीटर चालेल का? (फिलाडेल्फिया परिसर)

गॅस पुरेल, बॅटरी अडेल. २० पौंडांच्या सिलिंडरमध्ये सुमारे ४,३०,००० बीटीयू असतात. २०,००० बीटीयूची भट्टी, म्हणजे तुमचा हीटर, सलग चालली तरी २१ तास जातात, आणि ती सलग चालत नाही. पण तिचा पंखा बॅटरीवर सुमारे सात अँपिअर घेतो. थंड रात्री दहा तासांपैकी निम्मा वेळ चालला तर ३५ अँपिअर-तास गेले. डीलरने दिलेली लेड-ॲसिड बॅटरी ८० ची असेल तर त्यातले निम्मे, म्हणजे ४०, वापरायचे. पहाटेपर्यंत ती गळाठते. १०० ची लिथियम बसवा किंवा थर्मोस्टॅट ५५ फॅरनहाइटवर ठेवून रजई घ्या. शुक्रवारी तिथून काम करायचं असेल तर तेही मोजा : ७५ वॅटचं स्टारलिंक (उपग्रहावरचं इंटरनेट) आठ तास म्हणजे ५० अँपिअर-तास. जनरेटर ठरावीक तासांतच चालवता येतो. शेगडी पेटवून खोली ऊबदार करायची नाही, कार्बन मोनॉक्साइडने जीव जातो. स्कायलाइन ड्राइव्हवर मेरीज रॉक बोगद्याची उंची १२ फूट ८ इंच आहे. आपली उंची छतावरच्या एसीसकट मोजून डॅशबोर्डवर चिकटवा.

आरक्षण मिळतच नाही. (फ्रीमाँट)

कॅलिफोर्नियाची स्टेट पार्क्स सहा महिने आधी, सकाळी आठला उघडतात. योसेमिटी व्हॅलीतल्या बहुतेक जागा पाच महिने आधी, १५ तारखेला सकाळी सातला सुटतात आणि मिनिटांत संपतात. दोघांनी दोन लॉगिनवरून बसा. ट्रेलरची लांबी हिचसकट भरा, जागेगणिक मर्यादा वेगळी असते. पूर्वेकडच्या वाचकांसाठी : न्यू यॉर्क ९ महिने, पेनसिल्व्हेनिया ११ महिने. सोमवारची रजा काढून रविवार-सोमवार जाता आलं तर निम्मी लढाई टळते.

दर वेळी ओढून नेण्यापेक्षा पोकोनोजमध्ये सीझनभर जागा घ्यावी का? (पार्सिपनी)

महिन्यातून तीनदा जाणार असाल तर जरूर. मेपासून मध्य ऑक्टोबरपर्यंत ट्रेलर तिथेच उभा, शुक्रवारी फक्त भाजी आणि कपडे न्यायचे. एकदा-दोनदाच जमणार असेल तर पैसे वाया, आणि 'भरलेत तर जाऊ या' म्हणून जाणं सुरू होतं. करार करण्याआधी विचारा : विजेचं मीटर वेगळं का? प्रत्येक जागेला गटार आहे की आठवड्यातून टँकर येतो? पाहुण्यांचे रोजचे किती? दहा वर्षांहून जुना ट्रेलर चालतो का? हिवाळ्यात तिथेच ठेवायचे किती? पाणी कोणत्या तारखेला बंद करतात? शेवटची तारीख महत्त्वाची, कारण त्याआधी पुढच्या उत्तरातलं काम करायचं असतं.

विंटरायझिंग (हिवाळ्यात पाइप गोठून फुटू नयेत म्हणून करायची तयारी) स्वतः करता येतं का? (ब्रॅम्प्टन, ओंटारियो)

एका दुपारचं काम आहे. गिझर बंद करून पूर्ण गार होऊ द्या आणि दाब सोडा. गरम असताना बूच उघडलं तर उकळतं पाणी अंगावर येतं. सबर्बन कंपनीच्या गिझरमध्ये बुचालाच ॲनोड (टाकीऐवजी स्वतः झिजणारी धातूची कांडी) असतो, त्याला १ १/१६ इंचाचा पाना लागतो. तीन-चतुर्थांश झिजला असेल तर बदला. सगळ्या टाक्या आणि खालचे निचऱ्याचे नळ मोकळे करा. मग गिझरचा बायपास फिरवा. हे विसरलात तर सहा गॅलन अँटिफ्रीझ (पाइपांत भरायचं न गोठणारं द्रव) गिझरमध्येच जातं.

पंपाच्या आधीची नळी गुलाबी, आरव्हीच्या अँटिफ्रीझच्या डब्यात बुडवा. दोन-तीन गॅलन पुरतात. गाडीच्या रेडिएटरचं नको, ते विषारी असतं. पंप चालू करून लांबच्या नळापासून सुरुवात करा, गरम आणि गार दोन्ही, गुलाबी येईपर्यंत. कमोड आणि शॉवर झाले की बाहेरचा शॉवर. तो हमखास विसरतो आणि वसंतात तिथेच पाइप फुटलेला सापडतो. प्रत्येक मोरीत कपभर ओता.

लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवा, रिकामी गोठते. लिथियम शून्य अंश सेल्सियसखाली चार्ज करू नका. छताच्या सांध्यांवरचं सीलंट आत्ताच तपासा, बर्फाखाली गळती दिसत नाही. तळातल्या वायरींच्या भोकांत स्टील वूल कोंबा. डांबरगोळ्यांनी उंदीर जात नाहीत, वास मात्र जूनपर्यंत राहतो.

गूगल मॅप्सने आम्हाला मेरिट पार्कवेवर घातलं होतं. पोलिसांनी थांबवलं. पुढे काय करावं? (जर्सी सिटी)

कनेक्टिकटमधल्या मेरिट पार्कवेवर ट्रेलरला बंदी आहे आणि न्यू यॉर्कच्या बहुतेक पार्कवेंवरही, कारण तिथले पूल बुटके आहेत. प्रोपेनचे सिलिंडर असताना हॉलंड आणि लिंकन बोगदे वर्ज्य. बाल्टिमोरचे दोन्ही बंदराखालचे बोगदेही ट्रेलरवरच्या २० पौंडी सिलिंडरांना चालत नाहीत. बाल्टिमोरचा फ्रान्सिस स्कॉट की पूल २६ मार्च २०२४ ला कोसळल्यापासून तिथे शहराला वळसा घालणाऱ्या आय-६९५ ची पश्चिमेची बाजूच धरावी लागते. आरव्हीची उंची, लांबी आणि प्रोपेन भरता येतं असं नॅव्हिगेशन ॲप घ्या आणि रस्ता गुरुवारी रात्रीच ठरवून ठेवा.