२०१९ ला विजेते ठरलेले रॅप्टर्सचे खेळाडू दुसऱ्या संघांत गेल्यावर कसे खेळले?

२०१९ मध्ये टोरंटो रॅप्टर्सनी एनबीएचं, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचं, विजेतेपद मिळवलं आणि पुढच्या सहा वर्षांत तो अख्खा संघ पांगला. शेवटपर्यंत टिकून राहिलेला ख्रिस बूशेसुद्धा २०२५ मध्ये बोस्टनला गेला. बाहेर पडून ही मंडळी चमकली की विझली, असं तुम्ही विचारलंय.

सरासरी गुणांवरून ठरवायला गेलात तर फसाल. नव्या संघाने खेळाडूला कोणत्या कामाला घेतलं, ते आधी बघा. फ्रेड व्हॅनव्लीटचंच घ्या. टोरंटोतल्या शेवटच्या हंगामात त्याची सरासरी १९.३ गुणांची होती. २०२३ मध्ये ह्यूस्टनने तीन वर्षांसाठी तेरा कोटी डॉलरच्या आसपास मोजून त्याला घेतलं, आणि तिथे सरासरी आली १७.४ वर, पुढच्या हंगामात १४.१ वर. कागदावर उतरती कळाच. पण तो येण्याआधी रॉकेट्सनी (ह्यूस्टनच्या संघाने) ८२ पैकी २२ सामने जिंकले होते. तो आल्यावर ४१ आणि मग ५२. इमे उडोका हा नवा प्रशिक्षकही त्याच उन्हाळ्यात आला, त्याचं श्रेय मी काढून घेत नाही. तरी संघ होता पोरासोरांचा. चेंडू न घालवता पुढे न्यायचा आणि अटीतटीच्या वेळी कोणाच्या हातात द्यायचा, हे कळणारं कोणीतरी त्यांना हवं होतं. फ्रेड त्यासाठीच आला होता आणि ते त्याने चोख केलं.

पास्काल सियाकम २०२४ च्या जानेवारीत इंडियानाला गेला. टोरंटोतल्या शेवटच्या काळात बऱ्याचदा चेंडू त्याच्या हाती देऊन बाकीचे बघत उभे राहायचे. इंडियानात टायरीस हॅलिबर्टन चेंडू सांभाळायचा, सियाकमने फक्त धावत सुटायचं. २०२५ च्या ईस्टर्न कॉन्फरन्स फायनलमधला (लीगच्या पूर्व गटाच्या अंतिम मालिकेतला) न्यूयॉर्कमधला दुसरा सामना मिळाला तर जरूर बघा. इंडियानाचे पहिले अकराच्या अकरा गुण सियाकमचे! कोणी डावपेच आखून त्याला जागा करून देतंय असंही नाही, समोरचे मागे वळेपर्यंत हा बास्केटखाली पोहोचलेला. त्या रात्री त्याने ३९ गुण केले. मालिका इंडियानाने ४-२ अशी जिंकली आणि मालिकावीर तोच ठरला. पुढे ओक्लाहोमा सिटीकडून फायनल सात सामन्यांत हरले, ती गोष्ट वेगळी.

त्या मालिकेत समोर न्यूयॉर्कच्या जर्सीत होता ओजी अनुनोबी, म्हणजे टोरंटोतला त्याचा जुना जोडीदार. मालिका हरला म्हणून त्याचं बिनसलं असं समजू नका. निक्सकडे (न्यूयॉर्कच्या संघाकडे) आल्यावर त्या पहिल्या हंगामात साखळीचे २३ सामने तो खेळला आणि त्यातले २० त्यांनी जिंकले. समोरच्या सर्वांत भारी गड्याला अडव आणि कोपऱ्यात मोकळा सापडलास की थ्री (लांबून तीन गुणांचा शॉट) मार, एवढंच मागणं. टोरंटोतही तो हेच करायचा.

अवघड प्रकरण कावाय लेनर्डचं. विजेतेपदानंतर महिन्याभरातच तो लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे गेला. त्याचा खेळ उतरला म्हणणं अन्यायाचं होईल, दगा दिला तो गुडघ्याने. २०२१ च्या प्लेऑफमध्ये (साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत) युटाविरुद्ध लिगामेंट फाटलं. क्लिपर्स इतिहासात पहिल्यांदा कॉन्फरन्स फायनलला पोहोचले तेव्हा हा कोर्टबाहेर, आणि पुढचा आख्खा हंगामही गेला. खेळतो तेव्हा आजही त्याला आवरणं कठीण. पण खेळतो कधी, हे चाहत्यांनाही अंदाजाने ठरवावं लागतं.

वय झालेल्यांचं मात्र एकाचं दुसऱ्यासारखं झालं नाही. काइल लाउरी मायामीला गेला. २०२३ मध्ये तो संघ फायनलपर्यंत पोहोचला तेव्हा तो बेंचवरून, म्हणजे राखीव म्हणून येत होता, आणि माझ्या मते तेव्हा तेच त्याला शोभत होतं. डॅनी ग्रीनने २०२० मध्ये लॉस एंजेलिस लेकर्सकडून पुन्हा विजेतेपद मिळवलं. पण त्या फायनलच्या पाचव्या सामन्यात शेवटच्या काही सेकंदांत संघसहकारी लेब्रॉन जेम्सने त्याला मोकळा पास दिला, संघ एका गुणाने मागे, आणि त्याचा थ्री आखूड पडला. त्यावरून माणसाला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. दोन दिवसांनी विजेतेपद हातात होतं, तरी नाव काढलं की लोकांना आधी तो शॉट आठवतो. मार्क गॅसोलला लेकर्सकडे अर्ध्या हंगामानंतर फारसं काम उरलं नाही. तो सरळ स्पेनला परतला, स्वतःच स्थापन केलेल्या गिरोना क्लबकडून खेळला आणि २०२२ मध्ये त्याला वरच्या लीगमध्ये घेऊन गेला. मला विचाराल तर या सगळ्यांत सर्वांत झकास शेवट त्याचाच.

राहिला नॉर्मन पॉवेल. विजेत्या हंगामात हा बेंचवरून येऊन सरासरी ८.६ गुण करायचा, तो तुम्हाला बहुधा आठवतही नसेल. टोरंटोने त्याला पोर्टलंडला दिलं, तिथून तो क्लिपर्सकडे आला. २०२४ मध्ये पॉल जॉर्ज क्लिपर्स सोडून गेला, त्याच्या वाटचे शॉट मोकळे झाले, आणि एकतिसाव्या वर्षी पॉवेलने सरासरी २१.८ गुण केले. त्यानंतर जुलैत क्लिपर्सनी त्याला मायामीला धाडून दिलं.