आधी चाचणीचे पैसे, यंत्राचे नंतर

तासगावच्या एका ताईंचं पत्र आहे. वय ६१. तिसऱ्या बाळंतपणात गुदद्वाराच्या स्नायूला इजा झाली, आता शौचावर ताबा राहत नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी मज्जातंतूला हलका विद्युतप्रवाह देणारं यंत्र बसवायला सांगितलंय. अंदाज ७ लाखांचा. मुलगा म्हणतो, ९ लाखांची एफडी मोडू. ताई विचारतात, "माझ्यापायी घरची पुंजी का संपवायची?"

ताई, सांगलीला एसटीनं यायचं तर तुम्ही आदल्या रात्रीपासून उपाशी राहता, पिशवीत जादा परकर घेता, हे वाचून जीव कळवळला. हा खर्च करायचाच. पण सगळा एकदम नको.

ही शस्त्रक्रिया मुळातच दोन टप्प्यांची आहे. आधी माकडहाडाच्या वर असलेल्या मज्जातंतूजवळ बारीक तार घालतात, कंबरेला बाहेरून छोटी डबी लावतात. दोनेक आठवडे रोजची नोंद ठेवायची, ही झाली चाचणी. त्रास निम्म्यानं किंवा त्याहून जास्त कमी झाला, तरच नितंबाच्या वरच्या भागात, कातडीखाली कायमचं यंत्र बसवतात. नाहीतर तार काढून टाकतात. म्हणून दोन्ही टप्प्यांचं कोटेशन वेगवेगळं, लेखी घ्या. यंत्राचे पैसे चाचणीआधी कुणालाही देऊ नका.

तुमच्या मेडिक्लेमला अडीच वर्षं झालीत आणि फॉर्मवर हा त्रास लिहिला होतात, हे फार चांगलं केलंत. २०२४च्या नियमांप्रमाणे आधीपासूनच्या आजाराचा खर्च मिळण्यासाठी थांबायची मुदत जास्तीत जास्त ३६ महिने. म्हणजे सहा महिने राहिले. हप्ता एक दिवसही चुकवू नका. तोवर स्नायूंचे व्यायाम, बायोफीडबॅक (स्नायू किती आवळला जातोय हे यंत्रावर बघत करायचा सराव), गोळ्या, आहारातले बदल हे सगळं नीट करून झालंय का, डॉक्टरांना विचारा. काहींना तेवढ्यानंही पुरेसा आराम पडतो. मुदत संपली की यंत्राची किंमत मंजुरीत धरलीय का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या.

बॅटरीचंही आत्ताच विचारा. चार्ज होणारी साधारण १५ वर्षांसाठी बनवलेली असते. चार्ज न होणारी बहुतेकदा त्याआधी संपते, मग पुन्हा छोटी शस्त्रक्रिया आणि पुन्हा खर्च. मी त्यासाठी २ लाख वेगळे ठेवीन.

विम्यानं नकार दिलाच, तर एफडी न मोडता तिच्यावर कर्ज काढा. व्याज ठेवीच्या दरापेक्षा थोडंच जास्त पडतं, आणि बेदाण्याचे पैसे आले की फेडता येतं. द्राक्षबागेचं पीककर्ज मात्र इकडे वळवू नका. मुलाला या आठवड्यात बँकेत पाठवून ठेवीवर किती कर्ज मिळेल ते विचारून ठेवा.