शंभराव्या पानाशी थांबलेल्या मुलीस

प्रिय मुली,

परवा ठाण्याच्या तलावपाळीवर भेटलीस तेव्हा तुझ्या पिशवीतली, त्या जादूच्या दुनियेतल्या प्रेमकथेची दोन्ही पुस्तकं मी बाकावर काढून पाहिली. पहिल्या भागाची पाठ सुरकुत्यांनी भरलेली, कोपरे मऊ पडलेले, मधल्या एका पानावर चहाचा डाग. दुसऱ्या भागाच्या पाठीला एकच घडी, तीही सुरुवातीलाच. शंभराव्या पानाच्या आसपास थांबलीस हे तू सांगायच्या आधीच कळलं. "काकू, तो पहिल्यासारखा राहिलाच नाही हो," नायकाबद्दल म्हणालीस आणि तुझा चेहरा पार उतरला. तेव्हा तुला गाडी गाठायची होती, म्हणून हे पत्र.

पहिल्या भागात तू त्या दोघांच्या एकत्र येण्याची वाट पाहत होतीस. राजवाडा, शाप, जादूची विद्या, सगळं त्या वाटेवरचं. मग ती एकमेकांची झाली आणि पुस्तक मिटलं. दुसऱ्या भागात लिहिणारीला होकारानंतरचं प्रेम रंगवायचं असतं, आणि ते फार अवघड. तिथे हुरहुर लावून वाचकाला ओढत नेता येत नाही.

मी विशीत असताना आमच्या नौपाड्यातल्या चाळीत एका हिंदीभाषक शेजाऱ्यांकडे देवकीनंदन खत्रींची 'चंद्रकांता' ही जुनी हिंदी कादंबरी होती. वीरेंद्रसिंह आणि चंद्रकांता यांचं प्रेम, ऐयारांची, म्हणजे चतुर हेरांची वेषांतरं, तिलिस्मातले, म्हणजे जादुई भुलभुलैयातले बंद दरवाजे. माझं हिंदी बेताचंच, तरी झपाटल्यासारखी वाचली. ती पहिल्यांदा छापली गेली त्या काळी ती वाचता यावी म्हणून कितीतरी लोक हिंदी शिकले असं सांगतात, आणि मला ते पटतं. पुढची 'चंद्रकांता संतती' चोवीस भागांची. उघडली तर नायक बदललेले! वीरेंद्रसिंहाचे मुलगे, इंद्रजितसिंह आणि आनंदसिंह. मला इतका राग आला की तिसऱ्या भागातच पुस्तक परत करून आले. माझी चंद्रकांता कुठे गेली, एवढंच डोक्यात.

चाळिशीत पुन्हा हातात घेतली तेव्हा उलगडलं. पहिल्या कथेतल्या ज्या शिवदत्त राजानं चंद्रकांतेपायी एवढा उत्पात मांडला होता, त्याच्याच मुलीवर, किशोरीवर, इंद्रजितचा जीव जडतो. आधीच्या पिढीचं वैर पुढच्या पिढीच्या प्रेमाच्या दारात येऊन उभं राहतं. आणि भूतनाथ नावाचा तो ऐयार! मित्र की शत्रू, भागामागून भाग कळत नाही, कारण त्याच्या गतायुष्यात काहीतरी दडलेलं आहे. विशीत मी फक्त 'ती दोघं कधी भेटणार' एवढंच विचारत होते. पहिल्या कथेत जे उधार राहिलं, ते आता कोण फेडतंय, हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. तू मात्र आता तोच प्रश्न विचारत वाच.

त्यासाठी आधी पहिल्या भागाची शेवटची तीन प्रकरणं पुन्हा वाच. 'तो बदलला' म्हणतेस ना, मग त्यानं तिला सीमेवरची गोष्ट सांगितली नव्हती तो प्रसंग काढ. तू मला तो किती कौतुकानं सांगितला होतास. तिचं मन राखायला गप्प राहिला, असं तुझं म्हणणं. आता तो राज्यकारभारातही तसाच गप्प राहतोय आणि तुला ते खुपतंय. माणूस तोच असेल. तेव्हा आपण त्याला तिच्या डोळ्यांनी पाहत होतो.

इथे एक गोष्ट कळकळीनं सांगते. तिच्या भल्यासाठी म्हणून तो तिला कोंडून ठेवत असेल, तिच्यावतीनं निर्णय घेत असेल, आणि पुस्तक त्यालाच प्रेम म्हणत असेल, तर तुझी अस्वस्थता खरी आहे. मैत्रिणी कितीही त्याच्या बाजूनं बोलल्या तरी ती सोडू नकोस. पण कदाचित लिहिणारीला हेच तुला दाखवायचं असेल, आणि ते कळायला शंभर पानं पुरत नाहीत.

भांडणंही तपासून बघ. दोघांनी पाच मिनिटं समोर बसून बोललं तर मिटेल असा गैरसमज तीनशे पानं ताणला असेल, तर ती पानं भरण्याची युक्ती, तिला माफी नको. पण दोघांचंही बरोबर असून जमत नसेल, तर तिथे मात्र थांबून वाच. असं भांडण लिहायला हिंमत लागते.

आणि हा भाग गाडीत वाचू नकोस. पहिला तू पावसात दोन रात्री जागून वाचलास. दुसरा नऊ नंबर फलाटावरून गाडी सुटली की उघडतेस, पारसिकच्या डोंगराकडे बघत चार पानं होतात न होतात तोच ऐरोली येतं. घराणी, तह, नवी नावं, हे सगळं तुकड्यातुकड्यांनी डोक्यात राहत नाही. नावं एका चिठ्ठीवर लिहून खूण म्हणून आत ठेव. दुसऱ्या भागाचा शेवट आधी कुणाकडून ऐकू नकोस, रील्सवरही बघू नकोस.

निम्म्यापर्यंत जा. तरीही मन लागलं नाही तर खुशाल ठेवून दे, मीही सतरा-अठरा वर्षं ठेवलंच होतं.

रविवारी सकाळी घरी ये, पोहे करते. दोन्ही पुस्तकं आण. ते शंभरावं पान मला मोठ्यानं वाचून दाखव, तो नेमका काय म्हणाला ते मला ऐकायचंय.

तुझी,
काकू