टाकी अर्धी असतानाच विचारा : ‘एलीट डेंजरस’ प्रश्नोत्तरे

‘एलीट डेंजरस’ या अंतराळातल्या व्हिडिओ गेममध्ये वस्तीबाहेरच्या अंतराळात निघालेल्यांचे प्रश्न ठरलेले असतात, फक्त जहाजाचं नाव बदलतं. काही प्रश्न जुने व्हिडिओ पाहून येतात. बाकीचे येतात ते करण्यासारखं फारसं काही उरलेलं नसताना.

प्रश्न : अल्फा सेंटॉरीतल्या हटन ऑर्बिटल स्थानकावर ॲनाकोंडा हे महागडं जहाज फुकट मिळतं म्हणतात. खरं का?

नाही. मुख्य ताऱ्यापासून 0.22 प्रकाशवर्षं सुपरक्रूझ (सिस्टीमच्या आतला वेगवान प्रवास) करायचं, साध्या ड्राइव्हवर तासाहून जास्त वेळ घालवायचा आणि तिथे पोचल्यावर आपली फिरकी घेतली गेल्याचं कळून घ्यायचं, एवढाच तो प्रकार आहे.

प्रश्न : ॲडव्हान्स्ड डिस्कव्हरी स्कॅनर कुठल्याच स्थानकावर मिळत नाही. कुठे शोधू?

शोधू नका. डिसेंबर 2018 च्या अपडेटपासून डिस्कव्हरी स्कॅनर प्रत्येक जहाजात बसवलेलाच असतो. विकत घ्यायचा तो ग्रहाच्या पृष्ठभागाचं मॅपिंग करणारा डिटेल्ड सरफेस स्कॅनर. त्याला 1 आकाराचा ऑप्शनल स्लॉट पुरतो. गाइड वाचण्याआधी त्याची तारीख वाचत जा.

प्रश्न : हॉंक (डिस्कव्हरी स्कॅनरचा पहिला झटपट स्कॅन) केल्यावर ‘24 बॉडीज’ असं दिसतं, पण एफएसएस (सिस्टीममधले पिंड दुरून तपासायचा पडदा) कधी उघडतच नाही आणि उघडला तर झूम होत नाही. बिघाड आहे का?

बिघाड नाही, क्रम चुकतोय. एफएसएस फक्त सुपरक्रूझमध्ये चालतो. जहाज ॲनॅलिसिस मोडमध्ये (लढाईच्या नव्हे, शोधाच्या) हवं आणि थ्रॉटल शून्यावर हवा. आधी फायरचं बटण दाबून धरून हॉंक पूर्ण करा, मग एफएसएस उघडा.

खालच्या पट्टीवर जे उंचवटे दिसतात तो त्या सिस्टीममधल्या पिंडांचा वर्णपट. ट्यूनर नेमका उंचवट्यावर आणा. तो जरा बाजूला राहिला तरी आकाशात पुंजका दिसेल, पण झूम लागणार नाही. बहुतेक जण इथेच अडकतात आणि माउसला दोष देतात. ट्यूनर जुळला की पुंजक्याभोवतीच्या खुणा कुठल्या दिशेला वळायचं ते दाखवतात. त्याला मधोमध घेऊन झूम करा. ग्रह लाखभर प्रकाशसेकंदांवर असला तरी जागचं हलावं लागत नाही.

पुढचा प्रश्न कोणत्या ग्रहापर्यंत जाऊन प्रोब (डिटेल्ड सरफेस स्कॅनरमधून सुटणारे मॅपिंगचे गोळे) टाकायचे हा. पृथ्वीसदृश ग्रह, जलग्रह, अमोनियाचे ग्रह आणि टेराफॉर्म होण्याजोगे धातुसमृद्ध खडकाळ ग्रह सोडू नका. बर्फाळ गोळ्यांमागे वेळ घालवू नका, अपवाद फक्त जैविक सिग्नल दाखवणाऱ्यांचा. प्रोब अमर्याद असतात, पण दिलेल्या संख्येच्या आत काम आटोपलं तर बोनस मिळतो. 90 टक्के पृष्ठभाग झाकला की मॅपिंग पूर्ण होतं. मागची बाजू गाठायला प्रोब ग्रहाच्या कडेबाहेर मारा, गुरुत्वाकर्षण त्याला वळवून मागे नेतं.

प्रश्न : ॲस्प एक्सप्लोरर जहाजात आहे. टाकीत जेमतेम एका जंपचं (एका सिस्टीममधून दुसरीत उडीचं) इंधन आहे, सलग तीन ताऱ्यांवर स्कूप (ताऱ्याजवळून इंधन ओढणारं उपकरण) चालला नाही. पुढच्या ताऱ्यावर मिळेल का?

तिसऱ्या ताऱ्यानंतर विचारताय. पहिल्यानंतर विचारायला हवं होतं.

स्कूप चालतो तो फक्त ओ, बी, ए, एफ, जी, के आणि एम या सात वर्गांच्या ताऱ्यांवर. एल, टी, वाय हे तपकिरी बटू. तिथे काही मिळत नाही. टी टॉरी, कार्बन तारे, वुल्फ-रायेट, श्वेत बटू, न्यूट्रॉन तारे, कृष्णविवर यांतल्या एकावरही इंधन नाही. सर्वांत फसवा हर्बिग एई-बीई. नकाशावर ‘ए’ दिसतो म्हणून लोक निर्धास्त जंप मारतात आणि तिथे स्कूप हूं की चूं करत नाही.

उपाय निघण्याआधीचा आहे. गॅलेक्सी मॅपमध्ये ताऱ्यांच्या वर्गाचा फिल्टर लावा, हे सात सोडून बाकी सगळ्यांवरची खूण काढा आणि ‘फिल्टर मार्गाला लागू करा’ हा पर्याय निवडा. नुसता फिल्टर लावून तो पर्याय विसरला तर नकाशा सुंदर दिसतो आणि मार्ग पूर्वीसारखाच तपकिरी बटूंमधून जातो. मार्गाची रेघ सलग आहे तोवर टाकीतलं इंधन पुरतं. ती तुटक होते तिथून पुढे पुरत नाही. हे प्रत्येक स्कूपनंतर बघायचं.

सिस्टीमच्या नावातही इशारा असतो. यांत्रिकपणे दिलेल्या नावांच्या शेवटी आकड्याआधी ‘ए’ ते ‘एच’ यांपैकी एक छोटं अक्षर येतं, ते वस्तुमानाचं. ‘ए’ म्हणजे सगळ्यांत हलकी सिस्टीम, आणि तिथे तपकिरी बटूंचा सुळसुळाट असतो. या अक्षराची ताऱ्याच्या वर्गाच्या अक्षराशी गल्लत करू नका. फिल्टर काढून अशा पट्ट्यात शिरलात की एकामागून एक कोरडे तारे लागतात.

‘टाकी लहान बसवा, जहाज हलकं होतं, रेंज वाढते’ हा सल्ला हल्ली फार फिरतोय. रेंज वाढते हे खरं. पण जुन्या 5ए (आकडा आकाराचा, अक्षर दर्जाचं) एफएसडीची, म्हणजे जंप करणाऱ्या ड्राइव्हची, एका जंपची कमाल 5 टन इंधन आहे. 32 टनांच्या टाकीत असे सहा जंप होतात, 16 टनांत तीन. तुम्हाला तीनच कोरडे तारे लागलेत, म्हणजे हिशोब तुम्हीच करा. वजन वाचवायचं तर लाइफ सपोर्ट, सेन्सर्स डी दर्जाचे घ्या. टाकीला हात लावू नका. स्कूप मात्र बसेल तेवढा मोठा घ्या. 5ए स्कूप सेकंदाला 577 किलो ओढतो, 6ए 878 किलो. रिकामी 32 टनांची टाकी पहिल्याला पंचावन्न सेकंद घेते, दुसऱ्याला छत्तीस.

आता तुमच्यासाठी. पुढचा जंप आंधळेपणाने मारू नका. नकाशावर रेंजमधला प्रत्येक तारा निवडून त्याचा वर्ग वाचा. सातांपैकी एक सापडला तरच निघा. नाही सापडला तर याच सिस्टीमचा नकाशा उघडा. मुख्य तारा कोरडा असला तरी दूरचा जोडतारा के किंवा एम वर्गाचा असू शकतो, आणि साध्या सुपरक्रूझला इंधन फार कमी लागतं. सुपरक्रूझचा वेग आणखी वाढवणारा ओव्हरचार्ज म्हणजे एससीओ मात्र वापरू नका. तो मुख्य टाकी बघता बघता खाली करतो. उजव्या पॅनेलमधून शील्ड, कार्गो हॅच यांसारखी मॉड्यूल बंद करा. लाइफ सपोर्ट बंद करायचा नाही, तो बंद केला की प्राणवायूची उलटी गिनती सुरू होते.

आणि हे सगळं करण्याआधी फ्युएल रॅट्सना कळवा. इंधन संपलेल्यांना शोधून ते पोचवणारा हा खेळाडूंचा गट 2015 पासून हेच काम करतोय, फुकट. टाकीत अजून थोडं आहे म्हणून लोक संकोचतात, ‘आणखी एक जंप करून बघतो’ म्हणतात आणि मग बचावाला हाताशी पाच मिनिटं उरतात. मी उगाच धाक दाखवत नाही : ई दर्जाच्या लाइफ सपोर्टवर प्राणवायू पाच मिनिटं टिकतो, डी वर साडेसात, ए वर पंचवीस. पडद्यावर गिनती दिसली की काहीही न करता लगेच मुख्य मेनूत बाहेर पडा. तिथे गिनती थांबते. मग त्यांच्या संकेतस्थळावरून संपर्क साधा आणि ते सांगतील तेव्हाच आत या. सोलो (एकट्याने खेळायच्या) मोडमध्ये त्यांना तुमच्यापर्यंत येता येत नाही. आत आल्यावर काय करायचं याबाबत त्यांच्या सूचना शब्दशः पाळा, माझ्याही नाही.

प्रश्न : न्यूट्रॉन तारा आणि श्वेत बटू, दोन्हींच्या झोतात जाऊन एफएसडी चार्ज होते. मग श्वेत बटू जवळ असेल तर तोच का नको?

कारण न्यूट्रॉन तारा पुढच्या जंपची रेंज चौपट करतो आणि श्वेत बटू दीडपट. शिवाय श्वेत बटूचा झोत एक्सक्लूजन झोनला (ताऱ्याभोवतीच्या मनाई पट्ट्याला) इतका चिकटलेला असतो की जरा आत गेलात की जहाज सुपरक्रूझमधून खाली पडतं, तेही झोतातच. तिथून धड बाहेर पडणं कठीण. दीडपटीसाठी हा व्यवहार करू नका. तेवढ्यासाठी कार्बन, व्हॅनेडियम आणि जर्मेनियम वापरून एफएसडी इंजेक्शन बनवा, 25 टक्के जास्त रेंज मिळते. फक्त सुपरचार्ज आणि इंजेक्शन एकत्र चालत नाहीत.

न्यूट्रॉनकडे जंप करताना थ्रॉटल जंपच्या बोगद्यात असतानाच शून्यावर आणा. पोचल्यावर झोत कुठल्या बाजूला आहेत ते बघा. ताऱ्यापासून दूर, झोताच्या बाहेरच्या टोकाशी, नाक बाहेरच्या दिशेला ठेवून शिरा. जहाज गरगरेल, स्टिकशी झटू नका. चार्ज झाल्याचा संदेश आला की सरळ बाहेर. प्रत्येक वेळी एफएसडी साधारण 1 टक्का झिजते. ती 80 टक्क्यांखाली गेली की चुकारपणा सुरू होतो, म्हणून त्याआधीच दुरुस्त करा. लांबचा न्यूट्रॉन मार्ग स्पॅन्श या संकेतस्थळाच्या प्लॉटरवर आखा, आणि मधे इंधनाचे तारे कुठे आहेत ते आधी लिहून ठेवा.

प्रश्न : एएफएमयू (जहाजातलं दुरुस्ती यंत्र) दोन बसवलेत. हल (जहाजाचा सांगाडा) 62 टक्क्यांवर आहे, दुरुस्त होत नाही.

होणारही नाही. एएफएमयू मॉड्यूल आणि कॅनोपी (चालककक्षाची काच) दुरुस्त करतो, हल नाही, पॉवर प्लांट नाही आणि स्वतःला तर नाहीच. म्हणून दोन असतील तर एकमेकांना सांभाळतात, तेवढाच फायदा. हलसाठी रिपेअर लिम्पेट कंट्रोलर आणि लिम्पेट (छोटे ड्रोन) लागतात. ते नसतील तर हल सील्स या बचाव गटाला विचारा. 62 टक्के म्हणजे घाबरायची वेळ नाही, विचारायची मात्र आहे.

प्रश्न : जैविक नमुने घेताना तिसऱ्याच्या आधीच मोजणी शून्यावर जाते.

मधेच दुसऱ्या प्रजातीचा नमुना घेताय. एका प्रजातीचे तिन्ही नमुने पूर्ण होईपर्यंत दुसरीला हात लावला की पहिलीचं काम वाया जातं. आर्टेमिस सूट आणि जेनेटिक सॅम्पलर हवा. जहाजातून किंवा एसआरव्हीतून (ग्रहावर चालवायच्या गाडीतून) केलेलं स्कॅन कोडेक्समध्ये (गेमच्या नोंदवहीत) जातं, नमुना म्हणून धरलं जात नाही. दोन नमुन्यांतलं किमान अंतर प्रत्येक वंशाचं वेगळं आहे : टुसॉकला 200 मीटर, बॅक्टेरियम आणि स्ट्रॅटमला 500, ऑसियस आणि ट्युबसला 800, इलेक्ट्रिकेला 1000. जहाजाने उडी मारत जा, पायपीट नको.

प्रश्न : एकाने रोख पैशांत क्रेडिट्स (गेममधलं चलन) देऊ केलेत. माझ्याकडे चार महिन्यांच्या शोधांचा न विकलेला डेटा आहे, तो विकायला परत जाण्यापेक्षा हे बरं नाही का?

नाही. बाहेरच्या माणसाकडून क्रेडिट्स घेणं नियमबाह्य आहे, आणि खातं बंद झालं तर तो विक्रेता तुमचा फोन उचलणार नाही.

आणि चार महिने? जहाज फुटलं की न विकलेला सगळा डेटा जातो. पहिल्या शोधाचा टॅगही डेटा युनिव्हर्सल कार्टोग्राफिक्सला (गेममधल्या डेटा घेणाऱ्या संस्थेला) विकल्यावरच तुमच्या नावावर लागतो. तोवर दुसऱ्या कुणी तीच सिस्टीम विकली की नाव त्याचं. एकट्या स्ट्रॅटम टेक्टोनिकास या प्रजातीचे 1,90,10,800 क्रेडिट्स मिळतात, पहिली नोंद तुमची असेल तर एकूण पाचपट. असे नमुने जहाजात घेऊन हिंडता आहात. जवळपास कुणाचं फ्लीट कॅरियर (खेळाडूच्या मालकीचं फिरतं तळ-जहाज) आहे का ते एखाद्या शोधपथकात विचारा. ज्या कॅरियरवर कार्टोग्राफिक्स आणि जैविक नमुने घेणारं व्हिस्टा जिनॉमिक्स दोन्ही असतील तिथे विका. काही वाटा कापला जातो, जाऊ दे.

प्रश्न : जास्त गुरुत्वाकर्षणाच्या ग्रहावर शील्डशिवाय उतरता येतं का? वजन वाचतं.

येतं, एकदा. सर्वांत लहान डी दर्जाचं शील्ड तरी ठेवा आणि उतरताना वीजवाटपातले चारही पिप (ठोकळे) शील्डला बळ देणाऱ्या सिस्टीम्सना द्या. 2 जीच्या (पृथ्वीच्या दुप्पट गुरुत्वाकर्षणाच्या) वर नाक खाली करून उतरू नका : जहाज आडवं ठेवा, हळूहळू खाली या आणि शेवटच्या टप्प्यात बूस्टला हात लावू नका. खाली येणारं जहाज थांबवायला थ्रस्टरना वेळ लागतो, तो वेळ उंचीतून काढून ठेवा. जहाजाची मांडणी कोरिओलिस किंवा ईडीएसवाय या संकेतस्थळांवर करून अनुभवी माणसाला आधी दाखवा. अचेनार 3 या ग्रहावर 6.73 जी आहे. सराव तिथे करायचा नसतो.