२०२१ साली अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाने वर्षभरात प्रतिस्पर्ध्यांपेक्षा एकूण जास्त गुण केले, तरी १२ पैकी ९ सामने हरला. हे निव्वळ दुर्दैव होतं का?

माझ्या मते नाही. एखाददुसरा पराभव नशिबावर ढकलता येईल, नऊ नाही.

आकडे मात्र खरोखर चक्रावणारे आहेत. वर्षभरात नेब्रास्काचे गुण ३३५, समोरच्यांचे २७२. नॉर्थवेस्टर्नला एका रात्रीत ५६-७ असं लोळवणारा हा संघ नऊ सामने हरला, आणि त्या नऊ पराभवांतलं अंतर एकत्र केलं तरी ५६ च भरतं. सगळ्यात मोठा पराभव ओहायो स्टेटकडून, तोही फक्त नऊ गुणांनी.

मी लिंकनमध्ये, या संघाच्या गावातच राहते. इथे १९६२ पासून मेमोरियल स्टेडियमवरच्या प्रत्येक सामन्याची सगळी तिकिटं विकली जातात, आणि राज्यात बड्या व्यावसायिक लीगचा एकही संघ नाही. त्यामुळे शनिवारी हरलं की सोमवारपर्यंत ऑफिसात, दुकानात तोच विषय. लोक बहुतेक वेळा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा आणि पास फेकणारा खेळाडू, एड्रियन मार्टिनेझला बोल लावायचे. मला ते तेव्हाही पटत नव्हतं, आजही पटत नाही.

आक्रमण आणि बचाव यांच्या तुकड्या वेगळ्या असतात हे बहुतेकांना माहीत असतं. तिसरी तुकडी म्हणजे स्पेशल टीम्स. पंट, म्हणजे पुढे सरकता येईना म्हणून चेंडू लांब मारून समोरच्याला देणं, फील्ड गोल, म्हणजे खांबांमधून किक मारून तीन गुण, आणि टचडाऊननंतरचा (चेंडू गोलरेषेपार नेऊन सहा गुण मिळवल्यानंतरचा) जादा गुण, ही सगळी किकची कामं तिची. नेब्रास्का तिथे हरत होता, आणि पहिल्याच सामन्यापासून. इलिनॉयविरुद्ध आपल्याच गोलरेषेजवळ पंट झेलून आपला खेळाडू गोंधळला आणि समोरच्यांना दोन गुण फुकट मिळाले. ओक्लाहोमाविरुद्ध दोन फील्ड गोल हुकले. जादा गुणाची किक अडवली गेली, ती समोरच्यांनी थेट दुसऱ्या टोकाला नेली आणि वर दोन गुण मिळवले. पराभव सातच गुणांचा, २३-१६.

सगळ्यात जिव्हारी लागला तो मिशिगन स्टेटचा सामना. उत्तरार्धात आपल्या बचावाने त्यांना एकही फर्स्ट डाऊन, म्हणजे दहा यार्ड पुढे सरकून मिळणारी नवी संधी, मिळू दिला नव्हता. आपण २०-१३ ने पुढे, चारेक मिनिटं उरलेली. आपला पंट एका बाजूला जायचा ठरलेला, सगळी पोरं तिकडे धावली, आणि चेंडू गेला दुसऱ्या बाजूला. चेंडू झेलणाऱ्या त्यांच्या जेडन रीडसमोर मोकळं रान! बरोबरी झाली आणि जादा वेळेत २३-२० ने हरलो. नोव्हेंबरमध्ये आयोवाविरुद्ध २१-६ अशी आघाडी होती. तिथेही आपला पंट अडवला गेला, त्यावर त्यांचा टचडाऊन झाला आणि सामना २८-२१ ने गेला.

एकच खिंडार वर्षभर उघडं राहतं तेव्हा जबाबदारी प्रशिक्षकाची असते. आपला तेव्हाचा प्रशिक्षक स्कॉट फ्रॉस्ट इथला लाडका. १९९७ साली राष्ट्रीय विजेतेपद मिळवणाऱ्या नेब्रास्काचा तोच क्वार्टरबॅक होता. पण त्याने स्पेशल टीम्ससाठी स्वतंत्र प्रशिक्षक ठेवला नव्हता, बचावाच्या एका प्रशिक्षकाकडेच ते जोडकाम दिलं होतं. पुढच्या वर्षी त्यासाठी वेगळा माणूस आला, तरी निर्णय तसेच. २०२२ मध्ये डब्लिनला नॉर्थवेस्टर्नविरुद्ध २८-१७ ने पुढे असताना फ्रॉस्टने ऑनसाइड किक मारायला लावली, म्हणजे चेंडू जवळच मारून आपणच परत मिळवायचा प्रयत्न. तो फसला आणि सामना ३१-२८ ने गेला. दोन आठवड्यांनी जॉर्जिया सदर्नकडून घरच्या मैदानावर हरल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याला काढलं. तीन आठवडे थांबले असते तर करार मोडल्याबद्दल त्याला द्यायची नुकसानभरपाई दीड कोटी डॉलर्सवरून निम्म्यावर आली असती. तेवढंही थांबायला कुणी तयार नव्हतं.

मार्टिनेझच्या चुका मी नाकारत नाही. परड्यूविरुद्ध त्याचे चार पास समोरच्यांनी पकडले. मिशिगनविरुद्ध (हा मिशिगन स्टेटहून वेगळा संघ) २९-२९ असताना त्याच्या हातून चेंडू निसटला आणि आपण ३२-२९ ने हरलो. पण मिशिगन स्टेटच्या सामन्यात त्याचा जबडा मोडला होता आणि तरी तो खेळत राहिला, हे लोकांना नंतर कळलं. पुढच्या वर्षी तो कॅन्सस स्टेटकडे गेला आणि त्याच ओक्लाहोमाला त्यांच्याच मैदानात ४१-३४ ने हरवलं. चार टचडाऊन त्याने स्वतः धावून केले.