शहराची आठवण येते म्हणून शिक्षण सोडू का?

प्रश्न : मॅडम, मी संख्याशास्त्राच्या पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. सुट्टी संपवून नुकतीच परत आले, दुसरं सत्र सुरू झालंय. इथला विभाग नावाजलेला आहे आणि प्रवेश मी माझ्याच हट्टाने घेतला. पण माझं शहर सुटल्यापासून कशातच मन लागत नाही. घरच्यांपेक्षाही शहराची जास्त आठवण येते, हे सांगायची लाज वाटते. रोज रात्री मोबाइलवर नकाशा उघडते, त्यातले रस्त्यांचे फोटो लावते आणि शाळेपासून नदीच्या पुलापर्यंत एकेक टप्पा पुढे जात राहते. पुलाच्या तोंडाशी एक मोठं झाड आहे. खरं तर ते गेल्या वर्षीच तोडलं, पण फोटोत अजून उभं आहे. पहिल्या सत्रात इतके कमी मार्क पडले, तितके आयुष्यात कधी पडले नव्हते. सगळं सोडून परत जावं, तिथल्याच कॉलेजात प्रवेश घ्यावा असं वाटतं. पुढे नोकरीही त्याच शहरात करायची ठरवली तर करिअरचं नुकसान होईल का? आई-बाबांना यातलं काहीच सांगितलेलं नाही.

उत्तर : लाजेबद्दल आधी लिहिते, कारण तुझ्या पत्रातली तेवढीच गोष्ट आजच्या आज टाकून देण्यासारखी आहे. शहराची आठवण माणसांच्या आठवणीइतकी, कधी त्याहून जास्तही येते. अमेरिकेत बॉस्टनमधला वेस्ट एंड हा जुना कामगारवस्तीचा भाग १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुनर्विकासासाठी पाडून टाकला. तिथून उठवलेल्या कुटुंबांचा मार्क फ्रीड या मानसशास्त्रज्ञाने अभ्यास केला आणि १९६३ मध्ये लिहिलं की यातल्या कितीतरी जणांचं दुःख जवळचं माणूस गेल्यावर होतं तसंच होतं. घरातली माणसं सोबत होती, डोक्यावर छप्पर होतं, तरी त्या गल्ल्या गेल्या म्हणून लोक खचले. तेव्हा तुला जे होतंय त्याला बालिश म्हणू नकोस आणि दुसऱ्या कुणाला म्हणू देऊ नकोस.

त्या लोकांत आणि तुझ्यात एक मोठा फरक आहे. त्यांना परत जायला जागाच उरली नव्हती. तुझं शहर जिथल्या तिथे आहे.

याच मुद्द्यावर मला तुला एक फार जुनी हकिकत सांगायची आहे. १६८८ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझेल विद्यापीठात योहानेस होफर या अवघ्या १९ वर्षांच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने घराच्या ओढीवर प्रबंध लिहिला. हा एक आजार आहे, असं त्याने मांडलं. त्यात बर्नहून बाझेलला शिकायला आलेल्या एका तरुणाची गोष्ट आहे. तो झुरत गेला, ताप हटेना, आसपासच्यांनी आशा सोडली. शेवटी त्याला घरी पाठवायचं ठरलं. जायची तयारी सुरू झाली तसा तो सावरू लागला आणि बर्नला पोचण्याआधीच बरा झाला. आज आपण या ओढीला आजार म्हणत नाही. पण तो मुलगा घर दिसल्यावर नव्हे, तर घरी जाता येणार हे कळल्यावर सावरला, हे मला फार मोलाचं वाटतं.

तू नेमकी तीच वाट स्वतःसाठी बंद करून घेतली आहेस. आई-बाबांना सांगितलं नाहीस, पुढच्या वेळी घरी कधी जाणार याचाही पत्रात उल्लेख नाही. हट्टाने आले म्हणजे आता निभावलंच पाहिजे, असं तू धरून चालली आहेस. त्यामुळे तुझ्यापुढे दोनच टोकं उरतात : सगळं सोडून जायचं, नाहीतर दात-ओठ खाऊन राहायचं. माझा पहिला सल्ला असा की परत जाणं हा पर्याय उघडपणे मान्य कर. त्यात कमीपणा काही नाही. फक्त त्याचा निर्णय आज घेऊ नकोस, दुसऱ्या सत्राची परीक्षा झाल्यावर घे. तारीख वहीत लिहून ठेव. तोपर्यंत रोज रात्री ‘राहू की जाऊ’ हा खटला चालवायचा नाही. ही ओढ बहुतेकांच्या बाबतीत सुरुवातीला सर्वात तीव्र असते आणि पहिल्या वर्षात हळूहळू उतरते. सुट्टीवरून परतल्यावर ती पुन्हा उसळी मारते, हे मी मुलांमध्ये नेहमी पाहते. तुझं पत्र त्याच दिवसांतलं आहे.

आता मार्कांचं. ‘हा विषय आपल्याला झेपणारा नाही’ अशी शंका तुला आली असणार, तू लिहिलं नसलंस तरी. शर्ली फिशर आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात विद्यार्थ्यांना घर सोडण्याआधी आणि विद्यापीठात आल्यानंतर तपासलं होतं. ज्यांना घराची ओढ जास्त होती, त्यांच्यात विसराळूपणा आणि लक्ष भरकटणं जास्त दिसलं. म्हणजे वर्गात बसूनही अर्धं वाक्य निसटणं, प्रश्न वाचून उत्तर भलत्याच गोष्टीचं लिहिणं, सोडवलेलं गणित वहीत उतरवताना चिन्ह चुकणं. संख्याशास्त्रात अशा चुकांचे मार्क लगेच जातात. पहिल्या सत्राच्या उत्तरपत्रिका बघायला मिळत असतील तर माग आणि मार्क कुठे गेले ते बघ. संकल्पनाच कळली नव्हती की कळूनही घसरलीस? दुसरं असेल तर त्या मार्कांवरून विषय सोडायचा निर्णय घेणं चुकीचं ठरेल.

विषय आणि शहर यांची गाठ सोडवायला मी मुलांना एक प्रश्न विचारते. समज, हाच विभाग, हेच शिक्षक, हाच अभ्यासक्रम उद्या तुझ्या शहरात हलवला. तू आनंदाने जाशील? क्षणाचाही विचार न करता ‘हो’ आलं तर विषय ठीक आहे. घुटमळलीस तर त्रास फक्त शहराचा नाही आणि आपल्याला वेगळं बोलावं लागेल. दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. समज, तू परत गेलीस, पण तुझ्या वर्गातल्या मुली शिकायला ठिकठिकाणी पांगल्या आहेत, शाळेत तुझं आता काही काम नाही, आणि पुलाच्या तोंडाशी ते झाड नाही. तरी जायचंय? झाडाचं मी मुद्दाम लिहिते आहे. तू रोज रात्री ज्या शहरात फिरतेस ते काही वर्षांपूर्वीचं आहे, आणि त्यात तूही शाळकरी आहेस. आपण जागेला आठवतो तेव्हा त्या जागी आपण जे होतो तेही आठवत असतो. याचं उत्तरही ‘हो’ आलं, आजचं, बदललेलं, मैत्रिणी नसलेलं शहरही तुला हवं असलं, तर ती खरी ओढ आहे आणि तुझ्या करिअरच्या आखणीत तिला जागा मिळाली पाहिजे.

रात्रीच्या त्या फेरफटक्याबद्दल तुला धाक घालणार नाही. फक्त तो अंथरुणात नको. संध्याकाळी, बसून, ठरलेला थोडा वेळ फिर आणि मोबाइल ठेवून दे. रात्री उशिरापर्यंत रस्ते धुंडाळून सकाळच्या तासाला डोळे मिटत असतील तर त्याचे मार्क पुन्हा जाणारच. आणि जेवढं तिथे फिरतेस तेवढं इथेही पायी फिर, नकाशा न बघता. मेंदूत जागेची नोंद ठेवणाऱ्या पेशी असतात. जॉन ओकीफ यांनी त्या १९७१ मध्ये उंदरांच्या मेंदूत दाखवल्या आणि २०१४ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. आपल्या गावात पाय आपोआप वळतात ते ही नोंद पक्की असते म्हणून. नव्या शहरात ती नसते, म्हणून साधं येणं-जाणंही दमवतं आणि सगळं परकं वाटतं. मोबाइल सांगेल तिथे वळत राहिलीस तर वाट लवकर ओळखीची होत नाही. एकच रस्ता धर आणि तोच रोज चाल. त्यावरची एखादी बसायची जागा ठरवून टाक. या शहरावर प्रेम बसलंच पाहिजे असं नाही, ओळख झाली तरी पुष्कळ झालं.

माणसांच्या बाबतीतही तू स्वतःला फार लवकर नापास करते आहेस असं वाटतं. तुझ्या पत्रात इथल्या एकाही माणसाचा उल्लेख नाही. जेफ्री हॉल या संशोधकाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास नव्या ठिकाणी राहायला गेलेले लोक आणि कॉलेजात नव्याने आलेले विद्यार्थी यांच्यावरच होता. त्याच्या अंदाजानुसार नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास एकमेकांबरोबर जावे लागतात, मैत्री म्हणावी असं नातं व्हायला सुमारे ९०, आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त. हे तास सहसा वर्गात जमत नाहीत, ते मोकळ्या वेळात जमतात. म्हणून दर शनिवार-रविवार घरी पळणाऱ्या मुलांना मी विरोध करते, जरी घर जवळ असलं तरी. मैत्री जमायचे दिवस तेच असतात. घरी जायच्या तारखा आधीच ठरव, तिकीट काढून ठेव, आणि मधले शनिवार-रविवार इथेच घालव. एखाद्या गटात नाव घाल, जिथे दर आठवड्याला तीच माणसं भेटतील : गणित मंडळ, नाटक, गिर्यारोहण, काहीही. तुझ्या शहरातली मुलं भेटली तर जरूर भेट. पण फक्त त्यांच्यातच बसलीस तर सत्र संपेपर्यंत आठवणीच उगाळत बसाल.

आता तुझा खरा करिअरचा प्रश्न, त्याच शहरात नोकरी करायची ठरवली तर नुकसान होईल का? माझं मत स्पष्ट आहे : राहण्याचं ठिकाण हा करिअर निवडताना लावायचा रास्त निकष आहे. पगार, हुद्दा, कामाची आवड यांच्या पंगतीत त्याला बसवायला हरकत नाही. लोक हा निकष लावतातच, फक्त उघड बोलत नाहीत आणि मग चाळिशीत हळहळतात. पण त्याची किंमत आधी माहीत हवी. एकाच शहरात राहायचं तर संधी कमी असतात, नोकरी बदलणं अवघड जातं आणि वरची जागा रिकामी व्हायची वाट बघावी लागते. किंमत कळून ती द्यायची तयारी असेल तर याला नुकसान कशाला म्हणायचं?

तुझ्या बाजूने एक गोष्ट भक्कम आहे. तू सागरी भूशास्त्र किंवा खाणकाम घेतलं असतंस तर काम जिथे आहे तिथेच जावं लागलं असतं. संख्याशास्त्राचं तसं नाही. विमा, बँका, औषधांच्या चाचण्या, रुग्णालयं, कारखान्यांतली गुणवत्ता तपासणी, सरकारी आकडेवारी, शिकवणं अशा पुष्कळ ठिकाणी ते लागतं आणि यातली बरीच कामं कुठल्याही मोठ्या शहरात असतात. आता बसून एवढंच कर : तुझ्या शहरातल्या नोकऱ्यांच्या जाहिराती शोध आणि त्यात काय मागितलंय ते एका वहीत उतरव. कुठली सॉफ्टवेअर, कुठलं शिक्षण, किती अनुभव. वीस-पंचवीस जाहिराती झाल्या की चित्र दिसायला लागेल. बहुतेक ठिकाणी दोन-तीन वर्षांचा अनुभव हवा असेल, तर पहिली नोकरी बाहेर करून परतायचा रस्ता निघतो. अननुभवी माणसाला घेणाऱ्या जागा दिसल्या तर थेट जाता येईल. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथेच इंटर्नशिप मिळते का बघ. म्हणजे घरी जाणं होईल, आणि त्या शहराशी तुझं लहानपणाचं नातं आहे त्यात कामाचं नातंही जोडलं जाईल. परतायचं म्हणणारे पुष्कळ असतात. जे बाहेर असतानाही आपल्या शहरातल्या त्या क्षेत्रातल्या माणसांशी संबंध ठेवतात, त्यांचं परतणं सोपं होतं. घरून काम करू, असा हिशेब मात्र आत्ता धरू नकोस. ती सवलत नोकरी देणाऱ्याच्या हातात असते, आणि नवख्या माणसाने शेजारी बसून शिकण्यासारखं बरंच असतं.

परीक्षेनंतरही परतायचंच ठरलं तर नीट परत. सत्र मध्येच सोडू नकोस, गुणपत्रिका आणि आवश्यक दाखले हातात घे. तिथलं कॉलेज इथले विषय किती धरेल, कोणत्या वर्षाला प्रवेश देईल, हे लेखी विचार. तोंडी ‘होऊन जाईल’ वर विसंबू नकोस.

एका गोष्टीला मात्र परीक्षेची वाट बघायची नाही. दोन आठवडे झाले तरी बहुतेक दिवस मन खालीच असेल, झोप किंवा जेवण तुटलं असेल, वर्गात जाणंच बंद झालं असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरकडे लगेच जा आणि त्याच दिवशी घरी फोन कर. अशा वेळी घरी जाणं हा उपचाराचाच भाग असू शकतो, मग वर्ष गेलं तरी चालेल.

आणि हे काहीच नसलं तरी आई-बाबांना या आठवड्यात सांग. ‘परत येऊ का’ असं विचारू नकोस, ते घाबरून लगेच हो किंवा नाही म्हणतील. नुसतं सांग की आठवण येते, मार्क का कमी पडले असावेत, आणि निर्णय परीक्षेनंतर घेणार आहेस. हट्ट तुझा होता म्हणून आता रडायचा हक्क नाही, असं त्यांच्या मनात असेल असं मला वाटत नाही.

परीक्षा झाली की मला लिही. वर विचारलेल्या दोन प्रश्नांची उत्तरं आणि जाहिरातींवरून उतरवलेली पानं सोबत पाठव, मग आपण पुढचं ठरवू.