बेदाण्याच्या शेडमधल्या बायका आणि हेन्री मूर

प्रश्न : मॅडम, मी सांगलीत पेंटिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव तासगाव तालुक्यात, घरचा बेदाण्याचा शेड आहे. सरांनी ‘मला प्रेरणा देणारे आधुनिक आणि समकालीन चित्रकार’ यावर लिहून आणायला सांगितलंय. मी गायतोंडे लिहिलं. वर्गातल्या निम्म्या मुलांनी तेच लिहिलंय, पण मला ती चित्रं मोबाइलवर खरंच आवडतात. माझ्या वहीत मात्र असतात त्या शेडमध्ये बेदाणा निवडणाऱ्या बायका. समोर वही काढली की त्या पदर सावरून ताठ बसतात. म्हणून फोटोवरून काढते, तर चित्र फोटोसारखंच होतं. मैत्रीण म्हणते, आता फिगर, म्हणजे माणसांच्या आकृती, कोण काढतं? मी कोणाकडे बघावं? मुंबईला सारखं जाणं जमत नाही.
– एक विद्यार्थिनी, तासगाव तालुका

उत्तर : तुझं पत्र वाचल्यावर मला आधी तुझी वही बघावीशी वाटली. तुझं खरं काम तिथे चाललंय. प्रेरणा देणारे चित्रकार शोधायचे तेही तिथूनच, काम जिथे अडतंय तिथून. ‘मला कोण आवडतं?’ असं विचारलं की निम्मा वर्ग एकच नाव लिहितो. ‘माझं जे अडलंय ते आधी कोणाचं अडलं होतं?’ असं विचारून बघ, प्रत्येकाचं उत्तर वेगळं निघेल. साताऱ्यात इतकी वर्षं मुलांना शिकवताना मी हाच प्रश्न विचारत आले.

तुझं अडलंय ते असं, की वही दिसली की बायका बदलतात. इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं नेमकं हेच अडलं होतं. १९४० साली लंडनवर बॉम्ब पडत होते आणि माणसं रात्री भुयारी रेल्वेच्या स्टेशनांत, फलाटांवर झोपायला जात. मूर तिथे जायचा. पण दमून झोपलेल्या माणसांसमोर उभं राहून त्यांची चित्रं काढणं त्याला प्रशस्त वाटेना. मग तो नुसता बघत हिंडायचा, बाजूला जाऊन कागदाच्या तुकड्यावर चार शब्द किंवा एखादी रेघ टिपायचा आणि घरी गेल्यावर आठवणीने काढायचा. त्या चित्रांत नाकीडोळी फारशी सापडत नाहीत. दिसतात ती कुशीवर वळलेली अंगं, उघडी राहिलेली तोंडं, पांघरुणांच्या घड्या. आठवणीत जे टिकलं तेवढंच कागदावर उतरलं. फोटोत सगळंच येतं, आणि तुझं चित्र तिथेच मार खातं.

तेव्हा शेडमध्ये वही नेऊ नकोस. बायकांच्या ओळीत बस आणि बेदाणा निवड. तुझेही हात कामात असले की कुणी तुझ्याकडे बघणार नाही. एक गुडघा उभा करून बसलेली बाई किती वेळाने पाय बदलते, देठ काढताना मनगट कुठे वळतं, बोलता बोलता मान कुणाच्या बाजूला झुकते, शेडनेटमधून आलेला उजेड कुणाच्या पाठीवर कसा पडतो, हे सगळं डोळ्यांत भरून घे आणि रात्री काढ. सुरुवातीला हात चुकतील, पाय तर चुकतीलच. जिथे आठवत नाही तिथे कागद कोरा सोड आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच बघून ये. फोटोवरून काढताना कुठे बघायचं हे फोटो ठरवतो, इथे ते तू ठरवशील.

मूरची साधनंही तुझ्या आवाक्यातली आहेत. आधी मेणखडूने रेघा ओढायच्या, वरून पातळ जलरंग फिरवायचा. मेणावर पाणी ठरत नाही, त्यामुळे काळोखातून रेघ उजळून वर येते. मग पेन आणि शाईने आकार घट्ट करायचा. मेणखडूची पेटी तासगावच्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळेल.

आणि मूर बघायला लंडनला जायला नको. सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यातल्या औंधला, यमाईच्या डोंगरावर श्री भवानी संग्रहालय आहे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ साली उभारलं. ते स्वतः चित्रकार होते, संस्थानिकाच्या हौसेपलीकडे जाऊन कलेवर जीव लावणारे. तिथे हेन्री मूरचं ‘मदर अँड चाइल्ड’ हे शिल्प आहे, रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत. पुस्तकात छापलेलं शिल्प ज्या गावात एसटीने जाऊन बघता येतं, ते गाव आपल्या शेजारी आहे याचा मला आजही अभिमान वाटतो. तुमच्याकडून विट्यामार्गे जा. रविवर्म्याची साडी आणि मूरची आई एकाच दिवशी बघ. एकाने जरीचा धागा न् धागा रंगवला, दुसऱ्याने चेहरासुद्धा जवळजवळ पुसून टाकला, तरी दोन्हींकडे बाईच्या अंगाचं वजन जाणवतं. ते कशामुळे, यावर तिथेच विचार कर. बाहेर आल्यावर पायऱ्यांवर बसून शिल्प आठवणीने काढ.

मूर हा खाणकामगाराचा मुलगा, यॉर्कशायरमधल्या कॅसलफर्डचा. भुयारातल्या चित्रांनंतर वडील ज्या कोळशाच्या खाणीत काम करत होते त्याच खाणीत तो उतरला आणि काळोखात वाकून काम करणारी माणसं त्याने काढली. म्हणजे जगभर नाव झालेला शिल्पकार घरच्या कामाकडे परत गेला. तुझा शेड तसाच तुझ्या घरचा आहे.

इथे मला आजचे चित्रकार प्रभाकर पाचपुते आठवतात, आणि तुझ्या मैत्रिणीला उत्तरही मिळतं. पाचपुत्यांचा जन्म १९८६चा, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्ती गावचा. गाव कोळशाच्या खाणीचं, घरच्या पिढ्या त्या खाणीत राबलेल्या. त्यांनी शिल्पकला खैरागढला आणि मग बडोद्याला शिकली, आणि हातात घेतला तो कोळसाच. गॅलरीच्या भिंतींवर ते चारकोलने प्रचंड चित्रं काढतात. त्यांची माणसं बघ : अंग माणसाचं, पण डोक्याच्या जागी दिवा, अवजार, नाहीतर आणखी काही. खाणीने माणसाचं काय केलं हे सांगायला शब्द लागत नाहीत. २०२२च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात त्यांचं काम होतं. तेव्हा फिगर कोण काढतं, तर सास्तीचा मुलगा काढतो आणि ते जग बघतं.

पण त्यांची डोकी उचलू नकोस. बाईच्या डोक्याच्या जागी द्राक्षाचा घड काढलास तर ते पाचपुत्यांचं उष्टं होईल. त्यांच्याकडून शिकायचं ते वेगळं आहे. ज्या वस्तूने गावाचं जगणं घडवलं आणि बिघडवलं, तिलाच त्यांनी चित्राचं साधन केलं. तुझ्याकडे काय आहे? रॅकवरची जाळी आहे, द्राक्षं बुडवायच्या डिपिंग ऑइलचे डाग आहेत, निवडून बाजूला टाकलेले देठ आहेत. जाळीवर कागद ठेवून मेणखडू घासलास तरी जी वीण उमटेल ती दुसऱ्या कुणाकडे नसेल. हिरवा आणि पिवळा बेदाणा शेजारी ठेवून ते दोन रंग पॅलेटवर मिसळून बघ, आठवडा जाईल त्यात.

आणखी दोन नावं देते. केटे कोलविट्झ ही जर्मन चित्रकार. तिचा नवरा डॉक्टर होता, बर्लिनच्या कामगारवस्तीत त्याचा दवाखाना होता, आणि तिथे येणाऱ्या बायका तिच्या चित्रांत आल्या. १८९३ ते १८९७ या काळात तिने विणकरांच्या बंडावर सहा मुद्राचित्रांची (ठशावरून छापलेल्या चित्रांची) मालिका केली. तिच्या चित्रातले फक्त हात बघ. महिनाभर दुसरं काही बघितलं नाहीस तरी चालेल.

दुसरे सुधीर पटवर्धन. जन्म पुण्यातला, १९४९चा. ठाण्यात अनेक वर्षं रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत ते चित्रकार झाले. लोकल, इराणी हॉटेल, बांधकामं, गर्दीत उभा असलेला कामगार, हे त्यांचे विषय. त्यांच्या चित्रातला माणूस कीव मागत नाही. कष्ट करणाऱ्या बाईला ‘बिच्चारी’ करून टाकायचा मोह फार लवकर होतो, चांगल्या मनाच्या मुलांना तर जास्तच. पटवर्धनांची चित्रं बघितलीस की तो आवरेल.

आता गायतोंडे. त्यांना यादीतून काढू नकोस, फक्त ते का हवेत ते नीट लिही. ते नागपूरला १९२४ साली जन्मले, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, आणि आधी त्यांनीही माणसं काढली. पुढे रोलरने, पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवत आणि काढत ते पूर्ण अमूर्ताकडे गेले. वर्षाकाठी मोजकेच कॅनव्हास पूर्ण करायचे. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात २०१४ साली त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. पण मोबाइलच्या पडद्यावर त्यांचं चित्र दिसतच नाही, असं माझं ठाम मत आहे. एका थरामागून दुसरा थर उजळतो, आणि ते समोर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. काचेच्या पडद्यावर सगळे थर एकाच पातळीवर येतात. तुला आवडलं ते बहुतेक रंगांचं मिश्रण असेल. मूळ चित्र बघितल्यावर वेगळंच काही आवडेल.

त्यासाठी वर्षातून एक मुंबईची फेरी पुरे. महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री सांगलीहून निघते आणि सकाळी सीएसएमटीला सोडते. तिथून काळा घोडा चालत जाण्याजोगा. नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट आणि जहांगीर आर्ट गॅलरी जवळजवळच आहेत, जहांगीरला तिकीट नाही. सगळं बघायचा हट्ट धरू नकोस. दोन किंवा तीन चित्रं निवड आणि प्रत्येकासमोर अर्धा तास थांब, आधी लांबून, मग रंगाचा खडबडीतपणा दिसेल इतक्या जवळून. घरच्यांना आधी सांग, बरोबर एखादी मैत्रीण घे, आणि सोमवार टाळ. त्या दिवशी नॅशनल गॅलरी बंद असते.